‘इरेझरहेड’मधली ती घरघर प्रिंटचा दोष नाहीये, फिल्म तिथेच आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच गेल्यावर सगळीकडे त्याचं नाव ऐकलं म्हणून त्याची पहिली पूर्ण लांबीची फिल्म ‘इरेझरहेड’ रात्री लॅपटॉपवर लावली, मिसेस अर्ध्यातून उठून गेल्या, तुम्ही नेटाने शेवटपर्यंत बसलात, गोष्ट काय ते कळलं नाही, पूर्ण वेळ मागे कसलीतरी घरघर आणि फुसफुस चालू होती, आणि नंतर वाचायला गेलात तर कोणी मास्टरपीस म्हणतंय, कोणी किळसवाणी म्हणतंय. मग समीक्षक ढोंग करतात का, आणि तुमच्या कॉपीचा ऑडिओ खराब होता का?

मी २२ वर्षं साउंड डिझाइन करतोय, मराठी सिनेमे, काही हिंदी, मधे बरीच वर्षं सिरीयली. म्हणून ऑडिओचं आधी सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

कॉपी बहुतेक ठीकच असणार. ती घरघर मुद्दाम केलेली आहे. पण तुम्ही ऐकलीत ती पूर्ण घरघर नव्हती, तिचा वरचा पापुद्रा होता. लॅपटॉपचे छोटे स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच देत नाहीत, मोबाईलचे तर त्याच्याही बरंच वर हात टेकतात. या फिल्मच्या आवाजाचे ढोबळ दोन थर धरा. एक खालचा, जमिनीतून आल्यासारखा, लांब कुठेतरी मोठं मशीन चालू असल्यासारखा, तो कानापेक्षा छातीला जास्त कळतो. दुसरा वरचा, वाफेची फुसफुस, वारा, गॅस गळत असल्यासारखा. लॅपटॉपवर खालचा थर गायब होतो आणि फुसफुस तेवढी उरते, आणि नुसती फुसफुस म्हणजे आपल्या कानाला बिघाडच वाटणार, त्यात तुमची काही चूक नाही. वर परत स्ट्रीमिंगला नेट स्लो असलं की ऑडिओ आणखी दाबला जातो, आणि दाबताना सगळ्यात आधी वाट लागते ती अशा सलग फुसफुशीची, ती पाण्यात बुडाल्यासारखी चुळबुळायला लागते. डायलॉग ठीक येतात म्हणून आपल्याला वाटतं आवाज ठीक आहे. ‘इरेझरहेड’मधे डायलॉग आहेतच किती? सुरुवातीची दहाएक मिनिटं कोणी बोलतच नाही.

म्हणजे तुम्ही ८९ मिनिटांची फिल्म बघितलीत पण तिचा अर्धा भाग तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. एखाद्याने बिर्याणी मागवली आणि डब्यात वरची कोथिंबीरच आली, असं काहीसं.

आता हा आवाज आला कुठून ते सांगतो, कारण माझ्या धंद्यातल्या माणसासाठी ही फार जवळची गोष्ट आहे. लिंच मुळात पेंटर. फिलाडेल्फियाच्या आर्ट स्कूलमधे होता, तिथे एकदा रात्रीच्या बागेचं चित्र काढत असताना त्याला चित्रातून वाऱ्याचा आवाज आला आणि पानं हलल्यासारखी वाटली, आणि चित्र हललं पाहिजे, त्याला आवाज पाहिजे, हे तिथून डोक्यात बसलं. हे तो स्वतः आयुष्यभर सांगायचा. म्हणजे त्याच्याकडे सिनेमा गोष्टीतून आलेला नाही, वाऱ्यातून आलाय. हे एकदा लक्षात घेतलं की बऱ्याच गाठी सुटतात. फिलाडेल्फियात तो राहायचा तो भाग कारखान्यांचा, पडक्या इमारतींचा, गुन्हेगारीचा, आणि लग्न होऊन घरात लहान मुलगी. पुढे लॉस एंजेलिसला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमधे गेल्यावर १९७२ मधे त्याने ही फिल्म सुरू केली ती हे सगळं अंगावर घेऊनच. स्क्रिप्ट होती २१ पानांची. इन्स्टिट्यूटकडून १०,००० डॉलर मिळाले, जागा मिळाली ती बेव्हरली हिल्समधल्या एका जुन्या मोठ्या वाड्याचे तबेले. पैसे संपले, शूट थांबलं, परत सुरू झालं, लिंच पेपर टाकायची लाईन करून पैसे उभे करायचा, मित्र जॅक फिस्क आणि त्याची बायको सिसी स्पेसेक यांनीही पैसे घातले. फिल्मचा नायक हेन्री, त्याचं काम करणारा जॅक नान्स एका शॉटमधे दरवाज्याच्या मुठीवर हात ठेवतो आणि तो आत येतो तो पुढचा शॉट दीड वर्षाने घेतलाय. तेच केस, तोच कोट, तोच चेहरा. दोन्ही शॉट जोडून ठेवतो तो आवाज. तो कट तुम्हाला कळला का? मला इतक्या वेळा बघून कळत नाही.

आवाजाचं काम लिंच आणि ॲलन स्प्लेट या दोघांनी केलं. स्प्लेट हे नाव आपल्याकडे कोणाला माहीत नसतं आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्याची नजर फार कमी होती, जवळजवळ दिसायचंच नाही म्हणा, आणि कान असा की १९७९ च्या ‘द ब्लॅक स्टॅलियन’च्या साउंडसाठी त्याला खास ऑस्कर दिलं. तर या दोघांनी भिंतींना घोंगड्या वगैरे लावून स्वतःच रूम बनवली आणि लिंचच्या सांगण्याप्रमाणे रोज ९ तास असे ६३ दिवस नुसते आवाज बनवले. कॉम्प्युटर नाही, लायब्ररीत क्लिक करून मिळणारे इफेक्ट नाहीत, टेपवर रेकॉर्ड करायचं, स्पीड कमी करायचा, उलटं फिरवायचं, एकावर एक चढवायचं. हेन्री आणि समोरच्या खोलीतली बाई पलंगावरच्या दुधाळ पाण्यात बुडतात तो सीन आठवा. त्यासाठी त्यांनी बाथटबमधे एक बाटली तरंगत ठेवली, बाटलीत माईक, आणि त्यात हवा फुंकली. बस. आज माझ्याकडे हजारो फाइल्स आहेत आणि मला अजून त्या सीनइतका ओला आवाज बनवता आलेला नाही.

माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मला ही फिल्म का लागली ते कळेल. मी इचलकरंजीचा. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला माग, खटखट दिवसरात्र, आई पोळ्या करताना बोलायची ते आम्ही ओठांवरून समजायचो. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही, आम्हाला मात्र लाईट गेली की जाग यायची. भारनियमनाच्या काळात अचानक सगळे माग बंद पडायचे आणि जी शांतता व्हायची ती मला लहानपणी घाबरवायची, काहीतरी मेलंय असं वाटायचं. पुढे पुण्यात शिकताना एका फिल्म क्लबमधे ‘इरेझरहेड’ बघितली, छोटा हॉल, पण स्पीकर चांगले होते. शेजारचा मित्र वीस मिनिटात बाहेर चहाला गेला. मी हललो नाही, कारण हेन्री त्या ओसाड कारखान्यांमधून पिशवी घेऊन चालत घरी येतो, डबक्यात पाय घालतो, आणि मागे तो आवाज आहे, आणि मला वाटलं हे तर आमचं घर. गोष्ट तेव्हा मलाही कळली नव्हती. पण माणूस मशीनच्या आवाजात राहायला लागला की त्याचा स्वतःचा आवाज कसा बारीक होतो हे मला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. हेन्री किती हळू बोलतो बघा. आमच्याकडे कारखान्यात बारा तास करून आलेली माणसं घरी तशीच बोलायची.

आता ‘गोष्ट काय?’ गोष्ट सांगायची तर दोन ओळींची आहे. हेन्री नावाचा छापखान्यात काम करणारा माणूस, सुट्टीवर. मेरी नावाच्या मुलीला दिवस गेलेले आणि मूल झालेलं, ते मूल माणसाचं आहे की नाही हेच कळत नाही, लग्न होतं, मूल रात्रभर रडतं, मेरी वैतागून माहेरी जाते, हेन्री एकटा त्या मुलाबरोबर त्या खोलीत, आणि शेवटी तो जे करतो ते तुम्ही बघितलंय. रेडिएटरमधली, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या वाफेच्या हीटरमधली बाई, डोकं गळून पडणं, त्याचे पेन्सिलीचे खोडरबर होणं, हे सगळं त्या माणसाच्या आतलं. लिंचने अर्थ कधीच सांगितला नाही, ही माझी सगळ्यात आध्यात्मिक फिल्म आहे एवढं म्हणायचा आणि पुढे गप्प. ते बाळ कशाचं बनवलं होतं हेसुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नाही. लोक अर्थाचे तक्ते बनवतात, हे म्हणजे ते, ते म्हणजे हे. मला ते कधी पटलं नाही. भैरवी म्हणजे काय असं कोणी विचारत नाही ना, ऐकताना आत काय होतंय ते बघतो आपण. या फिल्मला तेच करायचं.

जेवणाचा सीन घ्या, कारण तिथे सगळ्यात जास्त लोक उठतात. हेन्री मेरीच्या घरी जेवायला जातो. माणसाने बनवलेल्या छोट्या कोंबड्या, सुरी लावल्यावर त्यांचे पाय हलतात आणि आतून काहीतरी गळायला लागतं. डोळ्यांना हे भयंकर. पण नीट ऐका, त्या आधी हेन्री सोफ्यावर अवघडून बसलाय आणि जमिनीवर कुत्री आपल्या पिल्लांना पाजतेय, आणि ती पिल्लं ओढताना जो चिवचिवाटासारखा चोखायचा आवाज येतोय तो थांबतच नाही. कोणी बोलतंय, तो चालू. गप्प बसलेत, तो चालू. आणि हेन्रीला अजून माहीतही नाही की आपल्याला मूल झालंय. आवाजाने ते आधीच सांगून टाकलंय. मुलगी बघायला गेलेल्या किंवा सासरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या कुठल्याही माणसाला ती शांतता ओळखू येईल, सगळे गोड बोलतायत आणि कुठेतरी काहीतरी चुकीचं वाजतंय. यात सर्रिअल, म्हणजे स्वप्नासारखं विचित्र, काय आहे? मला तर तो सीन फार खरा वाटतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक जागेचा आवाज वेगळा आहे. आमच्याकडे याला रूम टोन म्हणतात. खोली रिकामी असली तरी तिला एक आवाज असतो, पंखा, ट्यूबलाईट, लांबचा रस्ता, आपण शूटिंगला प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट तो रेकॉर्ड करतो आणि मग मिक्समधे, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, कट लपवायला खाली पसरतो, कोणाला कळू नये म्हणून. नेहमीचा हिशोब असा की प्रेक्षकाला रूम टोन कळला तर आपण चुकलो. लिंच आणि स्प्लेटने हिशोबच उलटा केला. त्यांनी तो वर आणला, इतका वर की तो पात्र झाला. हेन्रीच्या खोलीतला रेडिएटर ऐका, तो कधी जवळ येतो, कधी लांब जातो, आणि त्या बाईच्या आधी तिचा आवाज येतो. दार उघडलं की जग बदलतं, कटला आवाज पण कट होतो, मऊ करून जोडलेला नाही. लिफ्टचं दार बंद व्हायला किती वेळ लागतो आठवतंय? तेवढा वेळ आपण फक्त ऐकत उभे असतो.

एका मराठी फिल्मला मी असंच काहीसं केलं होतं, चाळीतल्या खोलीत एकटी म्हातारी बाई, आणि पाण्याच्या पंपाचा आवाज भिंतीतून येत राहतो, सीन दर सीन अगदी थोडा वाढवत नेलेला. मिक्सच्या दिवशी निर्माते म्हणाले हा आवाज काढा, लोकांना वाटेल थिएटरचं मशीन खराब आहे. दिग्दर्शक नवीन होता, गप्प बसला. काढला. सीन स्वच्छ झाला आणि मेला. म्हणून तुम्ही प्रिंट खराब होती का विचारलंत तेव्हा मला राग नाही आला, तोच प्रश्न मी स्टुडिओत बसून ऐकलाय.

आता समीक्षक. ढोंग करणारे असतात, सगळीकडे असतात, पण या फिल्मच्या बाबतीत आधी सगळं उलटं होतं हे लोक विसरतात. १९ मार्च १९७७ ला लॉस एंजेलिसच्या फिल्मेक्स फेस्टिव्हलमधे पहिल्यांदा दाखवली तेव्हा ‘व्हरायटी’ या सिनेधंद्याच्या अमेरिकन पेपरने तिला किळसवाणी आणि वाईट चवीची म्हणून झोडपलं. लिंचने नंतर स्वतः साधारण २० मिनिटं कापली. मग बेन बॅरेनहोल्ट्झ नावाच्या वितरकाने ती न्यूयॉर्कमधे रात्री बाराच्या खेळाला लावली. पहिल्या रात्री २५ लोक आले. दुसऱ्या रात्री २४. त्याने उतरवली नाही. तिथे ती वर्षभर चालली, मग वेव्हर्ली नावाच्या थिएटरमधे मध्यरात्रीचे खेळ ९९ आठवडे. ही माणसं कोण होती? तिकीट काढून रात्री बाराला येणारी, परत परत येणारी, मित्राला ओढून आणणारी. म्हणजे फिल्म टिकवली प्रेक्षकांनी, विद्वानांची मान्यता नंतर आली. स्टॅन्ली कुब्रिकने ‘द शायनिंग’च्या वेळी आपल्या लोकांना मूड कळावा म्हणून ही दाखवली, मेल ब्रूक्सने बघून लिंचला ‘द एलिफंट मॅन’ दिली, आणि २००४ मधे अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या फिल्म्सच्या सरकारी यादीत गेली. त्यामुळे ‘समीक्षक विरुद्ध सामान्य माणूस’ ही फाळणी इथे मला खोटी वाटते. आणि त्या मध्यरात्रीच्या खेळात अंधार होता, मोठे स्पीकर होते, मोबाईल नव्हता, उठून फ्रिज उघडता येत नव्हता. ही फिल्म अशाच खोलीसाठी बनलीय. मी सांगितलं तसं त्यात आवाज अर्धी फिल्म आहे, मग अर्धी फिल्म ज्यांच्यापर्यंत पोचली ते एका बाजूला आणि ज्यांच्यापर्यंत नाही पोचली ते दुसऱ्या बाजूला, मला वर्षानुवर्षं लोकांना ही फिल्म दाखवून असंच दिसत आलंय.

तरी सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही. चांगल्या हॉलमधे बघून न आवडलेलीही माणसं मला माहीत आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. मेरीला फिल्ममधे रडणं आणि निघून जाणं यापलीकडे फार काही दिलेलं नाही, समोरची बाई म्हणजे नुसता मोह, बायका तिथे हेन्रीच्या भीतीच्या आकाराएवढ्याच आहेत. ही तक्रार खरी आहे. पेन्सिल कारखान्याचा भाग मला आजही जरा कल्पनेतच अडकलेला वाटतो, तिथे आवाजही इतर जागांसारखा पकड घेत नाही. आणि तुमच्या मिसेस उठून गेल्या म्हणजे त्यांना कला कळत नाही असं कृपा करून कोणी म्हणू नका. त्या आजारी बाळाकडे बघवत नसेल तर ते फिल्म नीट पोचल्याचंच लक्षण आहे.

याबद्दल एक सांगतो. माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिला छातीचा त्रास झाला, घरी नेब्युलायझर आणला होता, रात्री तीनला तो लावायचा, त्या मशीनची घूं, वाफ, तिचं रडणं, बायको थकून झोपलेली, आणि मी तिला मांडीवर घेऊन बसलेलो. त्या वेळी माझ्या मनात जे विचार यायचे ते मी कोणाला सांगितले नाहीत. प्रेम होतंच, पण पळून जावंसं वाटायचं हेही खरं. फिल्ममधे बाळाच्या अंगावर फोड येतात, हेन्री त्याच्याजवळ वाफेचं यंत्र लावून बसतो, तो सीन मी त्यानंतर बघितला तेव्हा मला पहिल्यांदा हेन्रीची दया आली. आधी मी ती फिल्म इचलकरंजीची म्हणून बघायचो, तेव्हापासून बाप म्हणून बघतो. मुलगी आता कॉलेजला आहे, ठणठणीत. पण ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांना मी ही फिल्म सुचवत नाही, दोनेक वर्षं थांबा म्हणतो.

परत बघायची असेल तर अशी बघा. वायरचे हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारे, फार महाग नकोत. टीव्हीवर बघणार असाल तर सेटिंगमधे जाऊन नाईट मोड, ऑटो व्हॉल्यूम, आवाज स्पष्ट करणारे जे काही असेल ते बंद करा, कारण ती सेटिंग्ज डायलॉग वर आणतात आणि मागचं दाबतात, या फिल्ममधे मागचंच महत्त्वाचं आहे. २०१४ मधे क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने रिस्टोअर करून काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. व्हॉल्यूम सुरुवातीला एकदा लावा, जमिनीखाली काहीतरी हलतंय असं वाटेल एवढा, आणि मग हात लावू नका. डायलॉग हळू वाटतील, वाटू देत. पंखा बंद करा, उकडलं तरी, नाहीतर पंख्याची आणि फिल्मची घरघर एकात मिसळून जाते. एका बैठकीत बघा. पहिली दहा मिनिटं, हेन्री घरी पोचेपर्यंत, एकदा डोळे मिटून ऐका, मग मागे जाऊन डोळे उघडून.

आणि सोफ्याच्या सीनला त्या पिल्लांचा आवाज नेमका कधी सुरू होतो आणि कधी थांबतो तेवढं लक्ष ठेवून बघा, बाकी काही शोधू नका. सापडलं तर मला कळवा, मिसेसनाही विचारा त्या नेमक्या कुठे उठल्या होत्या.